मालिशवाल्याचे मत

२०११ साली वारलेला सॉक्रेटिस हा ब्राझीलच्या मधल्या फळीतला फुटबॉलपटू. १९८२ च्या विश्वचषकात कर्णधार, शिवाय शिकलेला डॉक्टर. मला, एका युनियनवाल्याला, त्याचे मोल निराळेच वाटते. देशावर लष्कराची हुकमत असताना साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबात त्याने व सोबत्यांनी मतदान सुरू केले. सराव केव्हा, सामन्याआधी कोंडून राहायचे की घरी, सारे मतावर ठरे. नामांकित खेळाडूला एक मत, मालिशवाल्यालाही एकच! अशाने शिस्त बिघडते, असे मालक म्हणतात. या संघाने १९८२ व १९८३ साली प्रांताचे अजिंक्यपद मिळवले. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीचा ठराव संसदेत पडला. सॉक्रेटिस इटलीला खेळायला गेला. पण १९८९ मध्ये ब्राझीलने राष्ट्राध्यक्ष मतपेटीतूनच निवडला. मंडळी, मताची सवय लागली की सुटत नाही!