कामाच्या जागी प्रथमोपचार : आपल्या किनाऱ्यापुरते काही बोल

(संस्थेच्या वार्षिक समारंभात माजी विद्यार्थी या नात्याने केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी प्रथा आहे. ते माझ्याहून जाणत्या मंडळींनी या व्यासपीठावरून अनेक वर्षे सांगितले आहे, आणि आज समोर बसलेल्या मुलींची संख्या पाहिली म्हणजे ते ऐकलेही गेले आहे असे दिसते. मी व्यापारी जहाजांवर बत्तीस वर्षे नोकरी केलेला माणूस. मला एकच विषय थोडाफार येतो : काम करता करता माणूस कोसळला, तर डॉक्टर येईपर्यंत शेजारच्याने काय करावे.

आपल्या घरांतून पूर्वापार दोन वाटा निघतात. एक मुंबईवरून बोटीवर किंवा आखातात जाते. दुसरी मिरकरवाडा, जयगड, हर्णै अशा बंदरांतून मासेमारीला जाते. बोटीवर जाणाऱ्याला १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण घ्यावेच लागते. १९९५ साली त्या करारात मोठी सुधारणा झाली. या शिक्षणात प्रथमोपचाराचा पाठ असतो. आखातातील मोठ्या कंपन्यांतून काम केलेल्या पुष्कळ भाईंनीही तो घेतलेला आहे. दुसऱ्या वाटेने गेलेला त्यांचा सख्खा भाऊ मात्र वीस-पंचवीस खलाशांच्या नौकेवर चढतो, आणि त्या नौकेवर तांडेलापासून भंडाऱ्यापर्यंत कोणालाच त्यातले अक्षर ठाऊक नसते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे एक औषधपेटी आणि ती सांभाळणारा शिकलेला माणूस असावा असे घालून दिले होते. पण त्या कायद्यात किनाऱ्यावरची पाच-सात माणसांची मासळीची शेडही बसत नव्हती, मग समुद्रातली नौका कुठून बसणार?

आता जे सांगतो ते सांगायला मला संकोच वाटतो. २०१७ च्या ऑक्टोबरात, मी निवृत्त होऊन घरी आल्याला वर्षही झाले नव्हते, आमच्या धक्क्यावर बर्फ चढवताना एक नेपाळी खलाशी दोन नौकांच्या मधल्या पाण्यात पडला. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. डोंगरातून आलेल्याला पोहता येतेच असे नाही. आपल्या पोरांनी उड्या मारून त्याला पाच-सहा मिनिटांत वर काढला. पुढे काय झाले? कोणी त्याला पाय धरून उलटा केला, कोणी पालथा घालून पाठ दाबली, कोणी तळहातांना कांदा चोळला. पाणी पडले, सर्वांना आशा वाटली. मग टेंपो आला, आणि पाऊण तासाच्या रस्त्याने त्याला दवाखान्यात नेले. त्या सबंध वेळात एकानेही त्याला एक श्वास दिला नाही. दोष त्या पोरांचा नाही. माझे घर धक्क्यापासून दहा मिनिटांवर आहे. मी चहा पीत होतो. माझी प्रमाणपत्रे लोखंडी पेटीत, इस्त्रीच्या कपड्यांखाली होती. बत्तीस वर्षे जहाजावर ज्याचा सराव केला, ते मी गावात एकालाही शिकवले नव्हते.

पाठ दाबण्याची रीत अडाणीपणाची होती असे मात्र समजू नका. शाळेत असताना आमच्या स्काउट मास्तरांनी मलाही तीच शिकवली होती. डेन्मार्कच्या होल्गर नीलसन यांची ती पद्धत १९३२ पासून पुस्तकांत होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत डॉ. पीटर साफर आणि डॉ. जेम्स एलाम यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, तोंडाने तोंडात हवा भरण्याने फुप्फुसात जेवढी हवा जाते तेवढी या पाठ दाबण्याने जात नाही. १९६० साली बाल्टिमोर या बंदराच्या शहरात छाती बंद ठेवून वरूनच हृदय दाबण्याची रीत प्रसिद्ध झाली. ती मांडणाऱ्या तिघांत कौवेनहोवेन हे विजेचे अभियंते होते. विजेच्या तारांवर काम करणारी माणसे धक्का बसून मरत, त्यावर उपाय शोधण्यातून हे संशोधन सुरू झाले होते. म्हणजे ही विद्याच मुळात कामगाराच्या मरणातून निघालेली आहे.

अलीकडे मोबाईलवर चित्रफिती येतात : फक्त छाती दाबा, तोंडाला तोंड लावू नका. भारतीय भूलतज्ज्ञांच्या परिषदेनेही २०१७ पासून सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची सोपी रीत सांगितली आहे, आणि बाजारात चालता चालता हृदय थांबून पडलेल्या प्रौढासाठी ती योग्यच आहे, कारण त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्याची गोष्ट उलटी आहे. त्याचा प्राणवायू आधी संपतो आणि हृदय त्यानंतर थांबते. नुसते दाबले तर प्राणवायू नसलेले रक्त फिरवत बसण्यासारखे होते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर जो पाठ शिकवायचा त्यात श्वास पाहिजेच, आणि तोही आधी. आजचा माझा मुख्य मुद्दा एवढाच आहे.

रीत अशी. खांदे हलवून हाक मारा. छातीकडे दहा सेकंदांपर्यंत पाहा. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाला १०८ ला फोन करायला सांगा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा किंवा वायरलेसच्या सोळाव्या चॅनेलवर बोला. माणसाला उताणा, कठीण जागी ठेवा, डोके मागे कलवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि छाती वर येईल इतका श्वास द्या. कोठे प्रथम दोन श्वास शिकवतात, कोठे पाच. त्यावर वाद घालत बसू नये. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून, कोपरे ताठ, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने दाबा. प्रौढाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर आली पाहिजे. तीस वेळा दाबणे, दोन श्वास, पुन्हा तीस. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे. पोटातले पाणी काढण्याच्या भानगडीत पडू नका. पोट दाबले की अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते. आपोआप उलटी झालीच, तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुढे चालू ठेवा. प्राणवायूवाचून मेंदूला चार-सहा मिनिटांत इजा होऊ लागते, टेंपोची वाट तोपर्यंत कोण पाहणार?

दोन गोष्टी मदत करणाऱ्याच्या जिवाच्या. विजेच्या धक्क्यात आधी मेन स्विच बंद, मगच माणसाला हात. आणि मासळी कुजलेल्या कप्प्यात उतरलेला खलाशी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे तसेच उतरू नये. तेथे विषारी वायू साचतो, आणि एकाला काढायला गेलेला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, असे एकामागून एक जातात.

एक नाजूक प्रश्न मला घरच्याच मंडळींनी विचारला : बाई असेल तर परक्या पुरुषाने हात लावावा का? मी आलिम नाही. सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीवर आपले मौलाना माझ्याहून चांगले बोलतील. मी इतकेच म्हणतो की, मासळी निवडणाऱ्या आणि कोळंबी सोलणाऱ्या आपल्या भगिनींना व या शाळेतील मुलींना हे शिकवा, म्हणजे थबकायला कोणालाच सबब राहणार नाही.

हे पुस्तकाने येत नाही, हातानेच येते. नॉर्वेच्या स्टॅव्हँगर बंदरातील ओस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने १९६० साली यासाठी बाहुली तयार केली. आज जगभर तशा बाहुल्यांवरच शिकवतात. शिकलेले काही महिन्यांत हातातून जाते, म्हणून दरवर्षी सराव हवा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर असतात, खलाशी जाळी विणत बसलेले असतात, आणि शाळाही सुरू झालेली असते. संस्थेने एक बाहुली घ्यावी आणि रविवारी हे सभागृह उघडावे. दालदी असोत, कोळी असोत, प्रत्येक नाखव्याने आपल्या नौकेवरून दोन माणसे पाठवावीत. नेपाळी खलाशी ऑगस्टमध्ये परततात, त्यांच्यासाठी एक वर्ग तेव्हा धक्क्यावरच घ्यावा. गावात बोटीवरून आणि आखातातून परतलेले आम्ही दहा-बाराजण तरी शिकवायला आहोत. प्रमाणपत्रे पेटीतून काढायला सांगितली आहेत.

बाहुलीची निम्मी रक्कम मी आजच मुख्याध्यापकांकडे दिली आहे. उरलेली कोणी द्यायची ते बाहेर जेवताना ठरवू. जूनच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला मी येथे हजर असेन. माझे गुडघे दुखतात, तेव्हा जाडशी चटई मात्र कोणीतरी घरून आणावी.