खिडकी उघडी राहिली

पनवेलच्या जुन्या वस्तीत बेथ एल नावाचे सिनेगॉग आहे, १८४९ साली बांधलेले. गावात इस्रायल तलाव या नावाचे तळे आहे, अलिबागेत इस्रायल आळी आहे. ज्यांच्यामुळे ही नावे पडली ते बेने इस्रायली लोक पिढ्यान्‌पिढ्या कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर अशी, आणि घरातली भाषा मराठी. नवस फेडायचा तो एलियाहू हनाबीच्या नावाने, मलिद्याचे ताट मांडून. १९४८ मध्ये इस्रायल हे राष्ट्र झाले आणि यांच्यातल्या बहुतेकांची वाट हळूहळू तिकडे वळली. ती वाट मुंबईतल्या एका कचेरीवरून जात असे. त्या कचेरीविषयी, म्हणजे इस्रायलच्या मुंबईतील वकिलातीविषयी, आज बोलायचे आहे.

आपण बोलताना दूतावास आणि वकिलात यांत फारसा फरक करीत नाही, पण फरक आहे. दूतावास राजधानीत असतो. तो एका सरकारच्या वतीने दुसऱ्या सरकारशी बोलतो. कॉन्सुलेट, म्हणजे शहरातली वकिलात, ही माणसांसाठी असते. व्हिसा, पासपोर्ट, जन्म-मृत्यूची नोंद, अडचणीत सापडलेल्या नागरिकाला मदत, व्यापाराची चौकशी, अशी तिची कामे. शिवाय ती यजमान देशाच्या संमतीशिवाय उघडता येत नाही. ती कोणत्या गावात असावी, तिचा दर्जा काय, तिचा कारभार किती मुलुखापुरता, हे सारे त्या संमतीत येते. १९६३ च्या व्हिएन्ना करारात हे नियम लिहिलेले आहेत.

मुंबईच्या या वकिलातीची कथा जगावेगळी आहे ती याच संमतीमुळे. १९४७ साली पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले होते. तरीही १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली. मान्यता दिली, पण राजदूतांची देवाणघेवाण केली नाही. पॅलेस्टिनी जनतेविषयीची सहानुभूती, अरब देशांशी असलेले संबंध, संयुक्त राष्ट्रांत पडलेला काश्मीरचा प्रश्न आणि देशातल्या मुसलमान समाजाच्या भावना, अशी त्याची कारणे सांगितली जात. १९५६ मध्ये सुएझचे युद्ध झाले आणि तो विषय आणखी लांबणीवर पडला. दिल्लीत जागा नव्हती, मुंबईत मात्र होती. आधी स्थलांतर आणि व्यापार यांचे काम पाहणारी एक कचेरी होती. १९५३ मध्ये तिथे रीतसर वकिलात सुरू झाली. पुढची ३९ वर्षे इस्रायलचे भारतातले अधिकृत ठाणे हे एवढेच!

या ठाण्याभोवती वाद कायम होते. पहिला वाद घरातलाच म्हणावा असा. सुरुवातीला गेलेल्या बेने इस्रायलींपैकी काहींना तिथे घर, काम आणि वागणूक यांबाबत फार वाईट अनुभव आला. त्यांनी ठिय्या दिला. ‘आम्हाला परत पाठवा’ एवढीच मागणी. १९५२ मध्ये शंभरावर माणसे मुंबईला परतली. त्यातली बरीचशी नंतर पुन्हा तिकडेच गेली, हेही सांगितले पाहिजे. साठच्या दशकात दुसरा वाद उभा राहिला. तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या विवाहाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. कोकणात शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना ‘तुम्ही खरे यहुदी का?’ असे विचारले गेले! जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, मुंबईतही पडसाद उमटले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, नेसेटने, ठराव करून बेने इस्रायली हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले.

तिसरा वाद दोन सरकारांमधला, आणि सर्वांत गाजलेला. १९८० मध्ये भारताने पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या दिल्लीतील कार्यालयाला पूर्ण राजनैतिक दर्जा दिला होता. १९८२ च्या जूनमध्ये लेबनॉनचे युद्ध पेटले. त्याच महिन्यात मुंबईतले इस्रायली कॉन्सुल योसेफ हसीन यांची मुलाखत एका इंग्रजी साप्ताहिकात छापून आली. भारताचे पश्चिम आशियाविषयीचे धोरण अरब देशांच्या धाकामुळे आणि पाकिस्तानशी चाललेल्या चढाओढीमुळे ठरते, असा त्यांचा सूर होता. यजमान देशाच्या धोरणावर कॉन्सुलने अशी जाहीर टीका करणे भारत सरकारला मानवले नाही, आणि त्यांना देश सोडायला सांगण्यात आले. व्हिएन्ना कराराप्रमाणे यजमान देशाला तसा अधिकार आहे; कारण देण्याचेही बंधन नाही. पुढची काही वर्षे त्यांच्या जागी नवा कॉन्सुल येऊ दिला गेला नाही. कनिष्ठ अधिकाऱ्यावर कारभार चालला.

आता यात कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, यावर मतभेद होते आणि आजही आहेत. मला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. एवढे होऊनही वकिलात बंद झाली नाही. ज्याचा लेक तिकडे गेला होता अशा पनवेलच्या, पेणच्या म्हाताऱ्याला त्याच्याकडे जायचे असेल, तर कागद घेऊन जायला मुंबईत एक खिडकी होती. दर्जा उतरला, पण खिडकी राहिली.

याचे मोल कळायचे तर दुसरे उदाहरण पाहावे. आपल्या कोकणातल्या अनेक मुसलमान कुटुंबांचे नातेवाईक कराचीत आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कराचीत भारताची आणि मुंबईत पाकिस्तानची वकिलात नाही. पाकिस्तानला मुंबईत हवा होता तो मलबार हिलवरचा जिनांचा बंगला, आणि भारताने तो दिला नाही. बंगला कोणाचा, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण कराचीतल्या आजारी बहिणीला भेटायचे तर कोकणातल्या माणसाला दिल्ली गाठावी लागते, त्यावर कितीसे लिहिले गेले? सुरक्षेची कारणे खरी असतात, २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईला ती कोणी शिकवायला नको. तरीही खिडकी बंद झाली की पहिली झळ पोचते ती ज्याचा भांडणाशी संबंध नाही अशा माणसाला.

२९ जानेवारी १९९२ रोजी भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जुळले, दिल्लीत दूतावास आला. मुंबईची वकिलात आजही आहे. तोवर जायचे ते बहुतेक गेले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आता इथे चार-पाच हजारांवर आला आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

सरकारांनी भांडावे, धोरणे वेगळी असली की भांडणे व्हायचीच. अधिकाऱ्याला घरी पाठवावे, दर्जा उतरवावा, निषेधाचे खलिते धाडावेत. पण वकिलातीविषयी वाद ऐकाल तेव्हा इमारत कोणाची आणि मान कोणाचा, याच्या आधी एक प्रश्न विचारून पाहा. उद्या सकाळी कागदांची पिशवी घेऊन तिथे जाणाऱ्या माणसाला खिडकी उघडी मिळेल ना?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)