पदवीचा फोटो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला मी स्वयंपाकाच्या बाजूला असते. या वर्षी चिटणीसबाई म्हणाल्या, "मसालेभाताचे आम्ही बघतो, तुम्ही बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण असे नाही, ओट्यावर बसून सांगते तसे सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

विषय ऐकून काहीजणी हसल्या. पदवीचा फोटो काढणे, यात बोलण्यासारखे काय? मलाही आधी असेच वाटले होते.

आपल्या वस्तीतील चार मुली नागपूर विद्यापीठातून शिकून निघाल्या. दोघी एम.ए., दोघी एम.एस्सी. त्यांतली एक माझी. निकाल लागला, पेढे वाटले, देवाला नारळ फोडला, आणि मला वाटले की झाले. पण पोरींचे मोबाइलवर निराळेच चालले होते. काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून विद्यापीठाच्या आवारात फोटो काढायचे. एका फोटोवाल्याने अर्ध्या दिवसाचे आठ हजार सांगितले. आमच्या ह्यांनी ऐकले मात्र, आणि म्हणाले, "आठ हजारांत दोन एकरांचे सोयाबीनचे बियाणे येते." मीही त्यांच्याच बाजूने बोलले.

तेव्हा मुलीने समजावून सांगितले. विद्यापीठाचा जो मोठा पदवीदान समारंभ असतो, त्यात पदके मिळविणाऱ्यांना आणि पीएच.डी. झालेल्यांना व्यासपीठावर बोलावतात. २ डिसेंबर २०२३ च्या समारंभाला तर स्वतः राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या. विद्यापीठाला शंभर वर्षे झाली ते ते वर्ष. बाकीच्या हजारो मुलामुलींना कागद तेवढा मिळतो. "आई, आम्हांला कोणी नावाने पुकारणार नाही. मग आमचे आम्हीच काढले तर काय बिघडले?"

मी काही बोलले नाही. पण त्या रात्री मला माझ्या शाळेची आठवण झाली. माझ्या माहेरच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. सातवीच्या वर्गाचा फोटो काढायला शहरातून माणूस आला, त्या दिवशी मी आईबरोबर कापूस वेचायला गेले होते. पुढे तो फोटो चौकटीत घालून शाळेत टांगला. लग्न झाल्यावरही माहेरी गेले की काही निमित्त काढून मी शाळेत जाई आणि त्यातली तोंडे मोजी. एकवीस मुले आणि आठ मुली. मी धरले असते तर नऊ झाल्या असत्या. माझा शाळेतला एकही फोटो नाही. सकाळी मी ह्यांना म्हटले, "फोटो होऊ द्या. आठ हजार देऊ नका, पण होऊ द्या."

आता बेत कसा केला तो सांगते, कारण पुढे आपल्या पुष्कळ मुली शिकणार आहेत.

फोटोला माझ्या भावाचा मुलगा घेतला. तो लग्नाचे फोटो काढतो. पेट्रोल आणि जेवण एवढ्यावर तयार झाला. झगे भाड्याने मिळतात. एकाचे दीडशे, शिवाय अनामत. नेण्यापूर्वी उकलून पाहावेत. आम्ही पाहिले तर एकाची बाही उसवलेली होती, ती मी तिथेच टाकून घेतली. गळ्याभोवती पट्टा असतो, तो ज्या त्या शाखेप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचा. एम.ए.वालीने एम.एस्सी.चा घातला तर फोटो जन्मभर चुकीचा राहील. आत साडी नेसायची तर फिक्या रंगाची आणि काठ बारीक, कारण झग्यातून तेवढाच गळ्याजवळचा भाग दिसतो. माझ्या मुलीने माझी मोरपंखी पैठणी काढली होती, ती परत ट्रंकेत गेली.

वेळ फार महत्त्वाची. भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर येते. काळ्या कपड्यात तोंड आणखी काळवंडते. सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर काढावे. आणि उन्हाळ्यात तर काढूच नये. आपल्या नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, त्यात तो झगा! तो मुळात थंड मुलखातला पोशाख, तिकडच्या मठांतल्या आणि विद्यापीठांतल्या लोकांनी उबेसाठी घातलेला. म्हणून आम्ही डिसेंबर धरला. आवारात फोटो काढायला चालतात की नाही, हे मुलीने आधी जाऊन विचारून ठेवले. पदवीचा मूळ कागद मात्र न्यायचा नाही, त्याची झेरॉक्स गुंडाळून हातात धरायची. वाऱ्याने उडाला तर काय करता?

इथपर्यंत सगळे सोपे होते. अवघड गोष्ट पुढेच आली. चौघींपैकी एक मुलगी म्हणाली, "तुम्ही तिघीच काढा, मला परीक्षेचा अभ्यास आहे." अभ्यास नव्हता. तिची आई वेचणीला जाते. झग्याचे भाडे, जाण्यायेण्याचे तिकीट आणि आईची एका दिवसाची मजुरी, एवढे मिळून होते ते. आईला सोडून फोटो काढायचा नाही असा तिचा हट्ट. ही बाई आज इथे बसलेली आहे आणि तिला विचारूनच मी सांगते आहे. आम्ही तिघी आया एकत्र बसलो. पैसे देऊ केले तर ती घेणार नाही, हे ठाऊक होते. शेवटी तिनेच तोड काढली. त्या दिवशी पहाटे लवकर शेतात जायचे, बारापर्यंत वेचायचे, माप करून घ्यायचे आणि मग निघायचे. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे, त्याचाही आधार झाला.

त्यामुळे सकाळचे ऊन गेले. दीड वाजता सेलूहून निघालो. केळझरला गाडीतूनच गणपतीला हात जोडले. बुटीबोरीला गर्दी लागली, गणेशपेठेत साडेतीन झाले, आणि अमरावती रस्त्यावरच्या आवारात पोहोचेपर्यंत सव्वाचार. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो. सव्वा तासात चार मुली आणि चार आया! भाचा तर घामाघूम झाला.

त्या आवाराला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे. फाटकातून आत शिरताना बरे वाटले. आणि विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. आपल्याकडे घरोघरी ग्रामगीता आहे, महाराज काही शाळेत फार शिकले नव्हते हेही आपण जाणतो. आज मोठमोठ्या विद्वानांच्या पदवीच्या कागदावर त्यांचे नाव असते, याची मला फार मौज वाटते.

पोरींनी आधी आपले काढले. टोपी उडविण्याचा एक प्रकार आहे. तीनदा उडवून एकही धड आला नाही आणि एक टोपी चिखलात पडली, ती पुसण्यात दहा मिनिटे गेली. अनामत कापली नाही हे नशीब. मी म्हणेन, हा प्रकार वगळावा.

मग आयांची पाळी. मुली म्हणाल्या, आता तुम्ही झगे घाला. मी मागे सरले. जे आपण मिळविले नाही ते अंगावर घालून फोटो काढायचा, हे मला बरे वाटेना. मुलगी रागावली. पण वेचणीहून आलेल्या माउलीने मात्र सरळ झगा घातला, लुगड्यावरून. टोपी डोक्यावर चढविली. हाताच्या बोटांना बोंडांचे ओरखडे तसेच होते. म्हणाली, "माय, लय जड आहे हा! पोट्टी दिवसभर कशी घालून राहिली?" मग मला म्हणाली, "तुम्ही काहून नाही घालत?" मला उत्तर देता आले नाही. मी टोपी हातात धरून मुलीजवळ उभी राहिले, तोच माझा फोटो. तिचा फोटो माझ्यापेक्षा चांगला आला आहे, हे मी कबूल करते. मी बरोबर केले की नाही, याचा अजून निकाल लागलेला नाही.

पुढे मुलीने मला एक जुना फोटो मोबाइलवर दाखविला. १० ऑक्टोबर १८८५ चा. अमेरिकेत डॉक्टरी शिकणाऱ्या तीन विद्यार्थिनी: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडी नेसून. पुढे ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई एवढा समुद्र ओलांडून त्या समारंभाला गेल्या होत्या. आपले माणूस समोर असावे, असे त्या काळीही वाटत होते. आनंदीबाई पुढल्याच वर्षी वारल्या. तो फोटो राहिला म्हणून माझ्यासारखीने त्यांना पाहिले.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवते. दरवर्षी आपल्या दोनचार मुली पदवीधर होतात. भाड्याच्या झग्यावर पैसे घालण्यापेक्षा मंडळाने दोन झगे शिवून ठेवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे करावेत, असे सुचविले होते. आपण तर वर्धा जिल्ह्यातल्या. खादीसाठी लांब जायला नको. हलकी खादी घेतली तर आयांनाही जड होणार नाही. दुसरे असे की, भिशीतून थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी आणि जिची मजुरी बुडते तिला ती द्यावी. दान म्हणून नव्हे. मंडळाच्या कामाला आली म्हणून. यावर काहीजणींचे मत वेगळे असेल, त्यांनी आजच बोलावे, मागाहून नळावर नको.

मोठ्या पन्ह्याचे कापड असेल तर एका झग्याला साडेचार मीटर पुरते, ते मी मापून पाहिले आहे. शिलाई मी करीन. बाह्या सैल ठेवते आणि खाली चार बोटे शिलाईत दाबून ठेवते, म्हणजे उंच मुलीला उसवून देता येईल. कापड आणायला माझ्याबरोबर वर्ध्याला कोण येणार, तेवढे सभा संपल्यावर सांगा.