फार वेळ म्हणजे किती?



८ जानेवारी २०२० रोजी मध्यरात्रीनंतर इराणने इराकमधल्या, अमेरिकी सैन्य असलेल्या अल-असद हवाई तळावर क्षेपणास्त्रे डागली. नंतर आलेली उपग्रहचित्रे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. वेचून काढाव्यात तशा ठरावीक इमारती उद्ध्वस्त झाल्या होत्या. १९४४ साली लंडनवर येणारी व्ही-२ क्षेपणास्त्रे काही किलोमीटर इकडेतिकडे पडत. आता चूक मीटरमध्ये मोजतात.

हे हवाई संरक्षणाच्या मुळावर येणारे आहे. शत्रूचा नेम चुकणे ही आजवर फुकटात मिळालेली ढाल होती. रडारवर दहा क्षेपणास्त्रे दिसली, तर माळावर पडणारी सोडून द्यायची आणि तळाकडे येणारी तेवढी अडवायची. दहाच्या दहा धावपट्टीवरच येऊ लागली, की एकही सोडता येत नाही. शिवाय खात्रीसाठी एकेकामागे बहुधा दोन इंटरसेप्टर, म्हणजे अडवणारी क्षेपणास्त्रे, खर्ची पडतात, आणि लाँचरवरचा साठा असतो तेवढाच असतो. १ ऑक्टोबर २०२४ ला इराणने इस्राएलवर सुमारे १८० क्षेपणास्त्रे सोडली. तिथली बहुस्तरीय यंत्रणा जगातल्या उत्तमांपैकी; तरीही नेवातिम हवाई तळावर अनेक येऊन आदळली.

नेम असा पक्का झाला, की अडवणाऱ्याला चुकायला जागाच उरत नाही. म्हणून तुम्हा अभियंत्यांना धहरानची गोष्ट सांगायलाच हवी.

२५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबिया, आखाती युद्ध. तिथली पेट्रियट ही क्षेपणास्त्रे अडवणारी अमेरिकी बॅटरी शंभरावर तास सलग चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचे. बायनरीत एक दशांश पुरता मांडता येत नाही. चोवीस बिटांनंतरची शेपटी तोडावी लागते. तुटलेला तुकडा केवढा? दशांश चिन्हापुढे सात शून्ये, मग पंचाण्णव. शंभर तासांत त्याचा ०.३४ सेकंद झाला. तेवढ्या वेळात इराकचे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जाते. रडारने आकाशात चुकीच्या जागी पाहिले, तिथे काही नव्हते, आणि इंटरसेप्टर सुटलाच नाही. स्कड बराकीवर पडले. २८ अमेरिकी सैनिक गेले. त्यांतले १३ पेनसिल्व्हेनियाच्या एका तुकडीतले होते. पाणी शुद्ध करून देणे हे त्यांचे काम. त्यांना तिथे येऊन आठवडाही झाला नव्हता.

मला सर्वांत जास्त सलते ते पुढचे. घड्याळाची ही घसरण पेट्रियट वापरणाऱ्या इस्राएलींनी दोन आठवडे आधीच कळवली होती. २१ फेब्रुवारीला बॅटऱ्यांना संदेशही गेला: यंत्रणा फार वेळ सलग चालली तर नेम सरकू शकतो. फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर घड्याळ शून्यावर आले असते. त्याला मिनिट-दीड मिनिट लागते.

दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर धहरानला पोहोचले २६ फेब्रुवारीला.