जखम भरते, धास्ती उरते



कुत्र्यांविषयी बोलायला कुणी उभं राहिलं की सभागृहात दोन तट पडतात : गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि त्यांची महापालिकेकडे तक्रार करणारे. आज त्या वादात मला शिरायचं नाही. माझा प्रश्न एवढाच आहे : आपल्या कुत्र्याला दुसरा कुत्रा चावला, टाके निघाले, केसही उगवले, पण आता तो फाटकाबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. त्याचं काय करायचं?

आधी शरीराचं बघू. दातांची जखम वरून टिकलीएवढी दिसते. पण कुत्रा नुसता चावत नाही, धरून झटके देतो. त्यामुळे आत कातडी स्नायूंपासून सुटलेली असू शकते. म्हणून हळद दाबून घरी बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली असली तरी चावल्यानंतर पुन्हा डोस द्यावे लागतात. शिवाय जखम भरली म्हणजे दुखणं संपलं असं नाही. अंगाला हात लावू न देणारा कुत्रा भित्रा झाला असं ठरवण्याआधी त्याचं कुठे दुखतंय का, हे तपासून घ्या.

आता भीतीकडे येऊ. आपल्याकडे जो तो एकच उपाय सांगतो : ‘त्याच कोपऱ्यावर रोज न्या, सवय होईल.’ होत नाही. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून तो भुंकतो. समोरचा कुत्रा आपल्या वाटेने निघून जातो. याला वाटतं, मी भुंकलो म्हणून गेला. बघता बघता गरीब म्हणून ओळखला जाणारा कुत्रा सोसायटीत भांडखोर ठरतो. त्यात मालकाने साखळीला हिसका दिला, की ‘दुसरं कुत्रं दिसलं की मान दुखते’ हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होतो.

उलटा हिशेबही बसवता येतो. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि त्याला चालेल तेवढाच जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. घाबरलेल्या कुत्र्यांसाठी आज जी पद्धत वापरतात, तिचं सूत्र हेच.

ती वापरायची कशी? रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीखाली एक कुत्रं पसरलंय. तुम्ही तुमच्या कुत्र्याकडे बघा. त्याने ते पाहिलं, कान टवकारले, पण तुम्ही दिलेला उकडलेल्या चिकनचा तुकडा खाल्ला, तर अंतर बरोबर आहे. तोंड मिटलं, ओठ चाटले, शेपूट पोटाखाली गेली, चिकनही नको झालं, तर तुम्ही फार जवळ आलात. मुकाट्याने मागे फिरा. कुत्रं दिसलं की तुकडा, नजरेआड झालं की तुकडे बंद. क्रम महत्त्वाचा : आधी कुत्रं, मग खाऊ. आमिष दाखवून त्याला पुढे ओढायचं नाही. गळ्यातल्या साखळीऐवजी छातीला हार्नेस घाला, दोरी सैल ठेवा, वर्दळ नसलेली वेळ निवडा. पुढे एखाद्या शांत, ओळखीच्या कुत्र्याबरोबर, मध्ये रस्त्याची रुंदी ठेवून, एकाच दिशेने चालवा. समोरासमोर भेट घडवू नका.

‘घाबरल्यावर जवळ घेतलं तर भित्रेपणा वाढतो’ हा समज सोडून द्या. भीती ही काही खोड नाही. कुशीत घेतल्याने ती वाढत नाही. त्याला जवळ यायचं असेल तर येऊ द्या, पलंगाखाली लपायचं असेल तर लपू द्या. काही महिन्यांनंतरही तो थरथरतच असेल, तर प्राण्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या डॉक्टरांना विचारा. औषधांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

काही कुत्री पुन्हा बागेत हुंदडतात, काही आयुष्यभर दुसऱ्यांपासून चार हात लांब राहतात. दोन्हीही चालतं. ज्यांची कुत्री मनमिळाऊ आहेत, त्यांना मात्र एक विनंती : ‘आमचा काही करत नाही हो’ म्हणत त्याला मोकळं सोडू नका. समोरचा माणूस कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडताना दिसला, तर आपलं कुत्रं आवरा आणि त्या दोघांना जाऊ द्या.