काशीदच्या उत्तरेचा डोंगर



इटलीत डोंगरमाथ्यावर वसलेली जुनी गावे आहेत. जगभरचे प्रवासी ती पायी हिंडून पाहतात. बरोबर माहितगार माणूस असतो. तो एकेका कमानीपाशी अर्धा अर्धा तास उभे करतो आणि कोणी कुरकुर करीत नाही. आपल्याकडे काशीदला गेलेला माणूस सुरूच्या सावलीत बसतो, समुद्रात डुंबतो, फार तर दक्षिणेस जंजिरा पाहून येतो. उत्तरेला, तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा अंतरावर, कोर्लई आहे हे त्याच्या गावीही नसते.

काशीदहून रेवदंड्याकडे जाणारी एस. टी. बोर्ली ओलांडून पुढे गेली की कोर्लईशी उतरावे आणि पायी चालू लागावे. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात सोंडेसारखा घुसलेला डोंगर, त्यावर लांबट किल्ला, पायथ्याशी कोळ्यांची घरे, ख्रिस्ती वस्ती आणि तिचे चर्च. पाण्यापलीकडे रेवदंडा, त्याच्या मागे चौल. टॉलेमीने ज्या सिमुल्ला बंदराचा उल्लेख केला ते हेच चौल, असे विद्वान मानतात. खाडीचे तोंड या डोंगराच्या टप्प्यात. म्हणून तर निजामशाहीने येथे किल्ला उभारला, १५९४ साली पोर्तुगिजांनी तो घेतला आणि वसई पडल्यावर, १७४० साली, तो मराठ्यांकडे आला.

आमच्याबरोबर गावातलेच एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही त्यांना काका म्हणत होतो. दीपगृहाच्या बाजूने त्यांनी आम्हांस वर नेले. तट, पाण्याची टाकी, छप्पर गेलेले चर्च, पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या शिळा, सारे शांतपणे दाखविले. दगड चांगलेच आहेत. पण उतरताना काकांना एक ओळखीचे गृहस्थ भेटले, दोघांत चार वाक्ये झाली, आणि आम्हांला त्यातले अक्षरही कळले नाही.

"काका, ही कुठली बोली?"

"नो लिंग," ते म्हणाले. "म्हणजे आमची भाषा."

श्रोतेहो, पोर्तुगीज शिपाई आणि येथील नवख्रिस्ती कुटुंबे यांच्या सहवासातून ही बोली जन्मली. १७४० साली पोर्तुगीज सत्ता गेली, बोली राहिली. शेजाऱ्यांहून धर्म वेगळा, सोयरीक बहुधा आपल्यातच. त्यामुळे ती घराघरांत टिकली. क्लेमंट्स नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यात सांगितलेली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. या बोलीतले शब्द बहुतांशी पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची ठेवण मराठीकडे झुकलेली. पोर्तुगीज माणूस 'मी खाल्ला भात' अशा क्रमाने बोलेल. कोर्लईत मात्र क्रियापद आपल्यासारखे शेवटी सरकत गेले. उलट आपण पाव, चावी, बटाटा, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगिजांकडून घेतले आणि विसरूनही गेलो. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. आपल्या खात्यावरची तेवढी आपल्याला आठवत नाही!

ही बोली बोलणारी माणसे आता हजाराच्या आसपास आहेत. शाळा मराठी, बाजार मराठी, नोकरी मुंबईला. 'मुलांना बोली शिकवा' असा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार आपणांस नाही. पोरांचे भले कशात आहे ते त्यांच्या आईबापांना कळते. काकांना आम्ही विचारले, नातवंडे बोलतात का? ते म्हणाले, "समजतं सगळं. उत्तर मराठीत देतात." एवढे बोलून ते पुढे चालू लागले.

किल्ल्याची भिंत पडली तर निदान वर्तमानपत्रात दोन ओळी येतात. बोलीची भिंत घरात पडते, तिचा आवाज रस्त्यावर येत नाही. म्हणून जाणाऱ्यांना आमचे सांगणे असे की, गावातलाच माणूस बरोबर घ्यावा, त्याच्या दिवसाचा योग्य मोबदला द्यावा, आणि 'जरा तुमची भाषा बोलून दाखवा' असे चुकूनही म्हणू नये. किल्ला सकाळी उन्हाआधी चढावा. खाली उतरल्यावर चर्चच्या आसपास तासभर मोकळा ठेवावा. दुपारी ओसरीवर बायका निवडण-टिपण करीत बसतात, आणि त्या आपसांत बोलत असतात.