फितुराची साक्ष



आजचा विषय कळताच एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "फितुरावर तासभर बोलावयाचे काय? दोन शिव्या द्याव्यात आणि खाली बसावे!" फितुरीविषयी आपली भावना अशीच आहे, आणि ती साहजिकही आहे. परंतु शिव्या देऊन झाल्या तरी एक प्रश्न उरतोच. न्यायासनाने अशा माणसाच्या शब्दावर कितपत विसंबावे? या प्रश्नासाठी आम्ही एका माणसाची हकीकत निवडली आहे.

जमाल अल-फदल हा मूळचा सुदानचा. १९८६ च्या सुमारास तो अमेरिकेत गेला आणि ब्रुकलिनमध्ये एका वाणसामानाच्या दुकानात राबू लागला. तेथल्या अटलांटिक अ‍ॅव्हेन्यूवरील मशिदीत अफगाणिस्तानच्या युद्धासाठी पैसा आणि माणसे गोळा होत. रशियन फौजांविरुद्धच्या त्या लढ्याला त्या काळी खुद्द अमेरिकन सरकारच मदत पाठवीत होते, हे श्रोत्यांनी विसरू नये. देशोदेशींचे स्वयंसैनिक तिकडे गेले, त्यांतच हाही गेला. १९८९ साली रशियन परतले, पण हे लोक परतले नाहीत. बिन लादेनच्या नव्या संघटनेशी, म्हणजे अल-कायदाशी, निष्ठेची शपथ घेणारा आपण तिसरा, असे फदलने पुढे कोर्टात सांगितले.

मग बिऱ्हाड सुदानला हलले. फदल तिथलाच असल्यामुळे घरे आणि शेते खरेदी करण्याच्या कामी त्याचा उपयोग झाला. खार्टुममध्ये कंपन्या निघाल्या, व्यापार सुरू झाला, पगारपत्रके तयार होऊ लागली. आणि इथेच, श्रोतेहो, या कथेला खरी कलाटणी मिळते. शपथ घेतली तेव्हा पगार कुणी विचारला नव्हता. आता फदलला महिना पाचशे डॉलर मिळत, आणि काही इजिप्शियन सहकाऱ्यांना त्याहून पुष्कळ अधिक. हे त्याला बोचू लागले. त्याने कंपनीच्या मालाच्या विक्रीत परस्पर दलाली खाण्यास सुरुवात केली. रक्कम भरली सुमारे एक लाख दहा हजार डॉलर! जमीन घेतली, मोटार घेतली. बिंग फुटले तेव्हा बिन लादेनने त्याला समोर बोलावून घेतले. आधी पैसे परत कर, मग क्षमेचे बोलू, असा त्याचा सूर होता. फदलने थोडे पैसे भरले आणि पोबारा केला.

इतर काही सरकारांच्या दारी हा माल विकण्याचा यत्न करून तो १९९६ साली इरिट्रियातील अमेरिकन वकिलातीत जाऊन उभा राहिला. अमेरिकेत बिन लादेनकडे तेव्हा मुख्यतः अतिरेक्यांना पैसा पुरविणारा धनिक म्हणून पाहिले जात होते. फदलने मंडळे, हुद्दे, तळ, खाती, सारा सांगाडाच समोर मांडला. खार्टुममध्ये युरेनियम म्हणून दाखविलेल्या एका नळकांड्याचा पंधरा लाख डॉलरचा सौदाही त्याने सांगितला. ते खरोखर युरेनियम होते की नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. गंमत पाहा, हे सारे सांगणाऱ्या या माणसाने आपण केलेली चोरी मात्र आरंभी लपवून ठेवली! बाँबचे सांगण्यास त्याची जीभ अडखळली नाही. गल्ल्याचे सांगताना अडखळली.

आपल्या देशातही हा पेच जुना आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात एके ठिकाणी म्हटले होते की, साथीदाराच्या निव्वळ साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. दुसरीकडे म्हटले होते की, महत्त्वाच्या तपशिलांना अन्य आधार नसेल तर असा साथीदार विश्वासास अपात्र मानता येईल. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्याने आधार मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख ठेवला. मुंबईच्या हल्ल्याच्या कटातील डेव्हिड हेडली, जो पूर्वी अमेरिकन सरकारचाच खबऱ्या होता, त्याला डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने माफीचा साक्षीदार केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना हाच प्रश्न पडला असेल.

फदलच्या बाबतीत आमचे मत थोडे निराळे आहे. लोक म्हणतात, पगारासाठी फिरलेला माणूस. त्याचे काय ऐकावयाचे? आम्ही म्हणतो, तो पगाराविषयी बोलतो तेव्हाच त्याचे अधिक ऐकावे. कुणाला किती मिळत होते, हे असंतुष्ट नोकराइतके नेमके कुणाला ठाऊक असते? संघटनेच्या एकसंधपणाविषयी तो बोलतो तेथे मात्र सावध राहावे. कटाचा खटला उभारावयाचा तर सरकारला एक नीटनेटकी संघटना हवी असते, आणि हवे ते पुरविण्याची सवय खबऱ्याला लवकर लागते. काही अभ्यासकांनी हा आक्षेप घेतला आहे, आणि तो पोकळ नाही.

७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकन वकिलातींवर बाँब फुटले. २२४ माणसे मेली. फदल तोवर दोन वर्षे बोलत होता! खटला न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी २००१ मध्ये उभा राहिला आणि पहिली साक्ष त्याचीच झाली. त्याच्या मागून एक मोरोक्कन आला, तोही जुना स्वयंसैनिक. पत्नीच्या बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने संघटनेकडे पाचशे डॉलर मागितले होते आणि ते नाकारले गेले होते. दोघांच्या तक्रारी निरनिराळ्या, पण दोन्ही पैशाच्या.

आरोपींच्या वकिलांनी फदलला चोरीवरून आणि लबाडीवरून पुरते सोलून काढले. त्याने बहुतेक कबूल केले. २९ मे रोजी चारही आरोपी दोषी ठरले. फदलला नवे नाव मिळाले, बायकामुले अमेरिकेत आली, आणि तो सरकारी संरक्षणाखाली दिसेनासा झाला. चौघांना जन्मठेप सुनावली गेली ती ऑक्टोबरात. त्या वेळी न्यायालयापासून थोड्याच अंतरावर जोड मनोऱ्यांचा ढिगारा अजून धुमसत होता.